चाळणीबाईंनी नोंदवलेला दोष

कंपनीत त्यांना सगळे चाळणीबाई म्हणत. तोंडावरसुद्धा. रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या त्या कंपनीतून बाहेर पडणारा प्रत्येक प्रोग्राम आधी त्यांच्या टेबलावर यायचा, आणि त्यांच्या नजरेतून चूक सहसा निसटत नसे. आधी त्या फोनवर तक्रारी घ्यायच्या. सहा वर्षं लोकांची बोलणी खाताना त्यांच्या लक्षात आलं, की माणसं चिडतात आपापल्या तऱ्हेनं, पण अडतात त्याच चार जागी. त्या जागा त्यांनी वहीत उतरवल्या आणि वही साहेबांपुढे ठेवली. तेव्हापासून त्या तपासणी विभागात. थोरल्या जाऊबाई अजून म्हणतात, "चुका काढायचा पगार देतात तुला? घरी तर फुकट काढतेस."

त्या मंगळवारी मुलाखती होत्या. जागा एकच. टेबलामागे विभागप्रमुख, शेजारी चाळणीबाई. समोरच्या बाईंनी पाच वर्षं नोकरी करून मग सासऱ्यांच्या आजारपणात तीन वर्षं घरी काढली होती. एका रुग्णालयात एकाच नावाच्या दोन रुग्णांची औषधं एकमेकांच्या नावावर चढत होती. तो घोळ कसा सापडला, कसा निस्तरला, हे त्या सांगत होत्या.

"मग आम्ही जुन्या नोंदी काढल्या. आम्ही रुग्ण क्रमांक सक्तीचा केला."

विभागप्रमुखांनी कागदावर लिहिलं : स्वतःचं काम सांगता येत नाही.

चाळणीबाईंनी ते तिरक्या नजरेनं वाचलं. "आम्ही म्हणजे कोण कोण हो?"

बाई गडबडल्या. "तिघं होतो. एक रजेवर होता. दुसऱ्याची बदली झालेली."

"उरलं कोण?"

"मीच."

"मग तसं सांगा की."

"बरं दिसत नाही हो ते. सारखं मी मी करणं."

त्या गेल्यावर विभागप्रमुखांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही उत्तर त्यांच्या तोंडात घातलंत. सकाळी मुलाखतीला आलेल्या त्या तरुणाला नाही विचारलं असं काही."

"खरंय. त्यालाही विचारायला हवं होतं. दहा वेळा 'मी' म्हणाला. त्यातलं त्याचं किती, आपल्याला काय ठाऊक?"

"शुक्रवारी नाव कळवायचंय. मी त्याचंच कळवणार."

चाळणीबाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी दोन वर्षांचे मुलाखतीचे कागद मागवले. अकरा बायकांच्या कागदांवर तेच वाक्य होतं. पुरुषांच्या एकाही कागदावर नाही. नकाराचं अक्षर मात्र फार सुवाच्य होतं.

मग त्यांनी तेच केलं, जे त्या रोज करत. कंपनीच्या संगणकावर दोष नोंदवला. दोष कुठे : मुलाखतीच्या प्रश्नात. पुन्हा घडवून पाहण्याची रीत : उमेदवार 'आम्ही' म्हणाला की पुढे काही विचारू नये. परिणाम : काम येणारं माणूस दाराबाहेर. गांभीर्य : जास्त.

नोंदवलेला दोष सगळ्या ऑफिसला दिसे, आणि नोंदवणाऱ्यानं ठीक म्हटल्याशिवाय तो निकालात निघत नसे. बुधवारी विभागप्रमुखांनी शेरा मारला, 'हा दोष नाही. माणसंच तशी असतात.' चाळणीबाईंनी नावं झाकून ते अकरा कागद जोडले आणि दोष पुन्हा उघडला.

गुरुवारी ते स्वतः त्यांच्या टेबलाशी आले. "मला सगळ्यांपुढे उभं केलंत, बाई."

"तुम्हाला नाही, प्रश्नाला. प्रोग्राम बिघडला की तुम्हीच सांगता ना, माणसाला बोलू नका, चुकलेली ओळ शोधा."

ते खुर्ची ओढून बसले. स्क्रीनवरचे अकरा कागद एकेक करून उघडले. "काम मला त्या बाईंचंच आवडलं होतं," म्हणाले. "पण आवडलं म्हणून लिहायचं कसं? त्या आपणहून काही बोलेनात."

"म्हणून विचारायचं."

दुपारी दोघांनाही फोन गेले. प्रश्न एकच : सोबत कोण होतं, आणि तुमचा वाटा कोणता? तरुण म्हणाला, निम्मं काम त्याच्या वरिष्ठांचं होतं. माणूस सरळ होता. आजवर त्याला कुणी विचारलंच नव्हतं. बाईंनी या खेपेला अडखळत का होईना, आपलं काम आपल्या नावानं सांगितलं. शुक्रवारी त्यांचंच नाव कळवलं गेलं.

"आता तरी निकालात काढा तो दोष," विभागप्रमुख म्हणाले.

"एका माणसावर तपासून दोष गेला म्हणतात का कधी?"

पुढच्या महिन्यात तपासणी विभागात दोन जागा निघणार होत्या. चाळणीबाईंनी अकरा कागदांतला पहिला समोर घेतला आणि नंबर फिरवला. पलीकडे म्हातारा आवाज आला. "सूनबाई कपडे वाळत घालतेय. कोण बोलतंय?"

त्यांनी कंपनीचं नाव सांगितलं. दोन वर्षांपूर्वीच्या मुलाखतीत चूक आपल्याकडून झाली होती, पुन्हा बोलवायचंय, असं म्हणाल्या.

"म्हणजे तिला नाही म्हणालेले ते तुम्हीच?"

"हो."

"आणि चूक कळायला दोन वर्षं लागली होय." मग म्हातारी म्हणाली, "थांबा. फोन ठेवू नका. कपडे मी बघते."