तुझा मृत्यू मी कंपनीला कळवला

शैलजा अविनाश खानझोडे, तुझा आवाज मी माझ्या हाताने घालवला.

आज तुला जाऊन एक वर्ष झाले.

मित्रांनी कृपया खाली "वहिनी हसतमुख होत्या" असे लिहू नये. तू हसतमुख नव्हतीस. तू भांडत असायचीस, आणि बहुधा तुझेच बरोबर असायचे.

हुडकेश्वरच्या भाड्याच्या खोलीत तू जुने संगणक दुरुस्त करायचीस. त्यांतलाच एकेक आपल्या गल्लीतल्या सहा घरांत बसवून दिलास. ज्याचे फोटो, कागद, रेकॉर्डिंग, त्याच्याच घरी. एक प्रत शेजाऱ्याकडे, पण घरच्यांच्या पासवर्डशिवाय ती शेजाऱ्यालाही उघडता येत नसे.

मधे कोणतीही कंपनी नाही.

मी म्हणायचो, "जग कुठे गेले, आणि तू गल्लीत डबे वाटत बसली आहेस."

"आपलं सामान लोकाच्या घरी ठेवायचं, अन् पाहाले गेलो तर त्याचीच परवानगी मागायची? काहून जी? पण तुम्हाले अर्ज कराची लय हौस!"

होती. मी सरकारी कार्यालयात अधीक्षक होतो.

तू आजारी पडलीस तेव्हा आपल्या घरचा संगणक मी बंद केला. त्याच्या पंख्याचा तुला त्रास होतो, असे सर्वांना सांगितले. खरे तर तो मलाच नको होता. तुझा फोन एका बड्या कंपनीच्या अकाउंटला जोडला. अटी न वाचता "मान्य आहे" दाबले. एकतीस वर्षांच्या नोकरीत न वाचता मी एकाही कागदावर सही केली नव्हती.

"करा तुमच्या मनासारखं," एवढेच तू म्हणालीस. भांडायची ताकद उरली नव्हती.

शेवटचे तीन महिने तू रोज दुपारी त्या फोनवर बोलायचीस. नातीसाठी, रामटेकमधल्या तुझ्या लहानपणाच्या गोष्टी. मी दारात दिसलो की थांबायचीस.

"जा बरं तिकडं. मले लाज वाटून राहिली. मी गेल्यावर ऐकजा."

तेरावे झाल्यावर मी रीतसर सर्वांना मृत्यू कळवला. बँक, गॅस एजन्सी, पेन्शन कार्यालय.

आणि कंपनी. दाखल्याची साक्षांकित प्रत जोडून. कोणी मागितली नव्हती.

उत्तर दोन मिनिटांत आले. "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. धोरणानुसार हे खाते कायमचे बंद करण्यात आले आहे."

रेकॉर्डिंग फोनमध्ये नव्हतीच. फोनमधली जागा वाचावी म्हणून सगळी कंपनीकडे, त्याच खात्यात जात होती. तेही मी मान्य केले होते.

मी कंपनीला लिहीत राहिलो. दर वेळी उत्तरात तीच दोन वाक्ये, खाली वेगळे नाव. ज्यांना दुःख होत नाही, त्यांनी ते कळवू नये.

शेवटी शेजारच्या वंदनाताई मेश्राम यांच्याकडे गेलो. आपल्या घरची प्रत त्यांच्या संगणकात होती.

"भाऊजी, तुम्ही कंपनीले सांगाले गेलेच काहून? त्यांच्या घरी काय सुतक होतं?"

मी पासवर्ड टाकला. सगळे उघडले. लग्नाचे फोटो, नात केतकीचे बारसे, तू मला न दाखवता लिहिलेल्या तक्रारी. मी आपला संगणक बंद केला, त्या दिवसापर्यंतचे सगळे.

त्यानंतरचे काहीच नाही.

वंदनाताईंनी माझ्याकडे खुर्ची सरकवली. मग म्हणाल्या, "बसा. चहा टाकते."

परवा नातीने विचारले, "आजोबा, आजीची गोष्ट लावता का?"

कंपनीने नेली, असे सांगणे सोपे होते. त्या कंपनीबद्दल माझ्या मनात काय आहे, ते सभ्य भाषेत लिहिता येणार नाही. पण नेऊन मीच दिली होती. मी तिला तसेच सांगितले. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तुझीच नात.

शैलजा, तुझे बरोबर होते. हे तुझ्यासमोर एकदाही म्हणालो नाही. म्हणून चारचौघांत लिहितो आहे.

तुला माझा अखेरचा नमस्कार.

आज हुडकेश्वरची खोली रिकामी केली. उरलेले संगणक वंदनाताई आणि गल्लीतल्या बायका घेऊन गेल्या. दाराला कुलूप लावले आणि किल्ल्या घरमालकांना परत केल्या.