हनोख आमच्या तांड्याचा

माझा बा बैल घेऊन मारेगावकडे गेला. आठ दिवसांनी बैल घरी आले, बा आला नाही. ही छप्पन सालची गोष्ट. तीन वर्षं उलटली तरी याडी, म्हणजे माझी आई, सवाष्णीच्या पांढऱ्या बांगड्या दंडभर घालून वावरात जाई. तांड्यातल्या बायका कुजबुजत. मला त्यांचा भारी राग येई.

मी यवतमाळला मिशनच्या शाळेत होते. दुपारी बाई बायबलातल्या मूळपुरुषांची वंशावळ वाचत. अमका इतकी शतकं जगला, त्याला मुलगा झाला, मग तो मेला. पुढचाही जगला, मेला. पोरी पेंगायच्या. मला मात्र आमचा भाटच बोलतोय असं वाटे. तोही दर हिवाळ्यात तांड्यावर येऊन पिढ्या अशाच गायचा.

मग हनोख आला. तो देवासोबत चालत राहिला आणि एक दिवस दिसेनासा झाला. ‘मेला’ हा शब्द आलाच नाही. माझी झोप उडाली.

हा बंजाराच, माझी खात्री पटली. आमची जुनी माणसं बैलांवर मीठ लादून मुलुखभर चालत. जन्मभर चालणारा दुसरा कोण असणार? त्यानंतर डोळे मिटले की फुटलेल्या कापसातून दोघं जाताना दिसत, हनोख आणि बा. पाऊल वाजत नसे. मला फार बरं वाटे.

हिवाळ्यात मी सुट्टीला तांड्यावर असताना भाट आला. गाता गाता बाच्या नावाशी थांबला.

“सांग बाई, मेला म्हनू काय? तीन वर्सं झाले.”

एकदा त्यानं तसं गायलं की त्याच दिवशी बांगड्या उतरायच्या. याडी दंड धरून बसली. मला राहवेना.

“मेला नोका म्हनू! हनोखले कोनी मेला म्हटलं नाही. चालत गेला म्हना!”

“हा हनोख कोन्या तांड्याचा?” लोक हसले.

“आपल्याच!”

भाटानं याडीकडे पाहिलं. “पोरगी म्हन्ते तसंच गा,” ती म्हणाली. त्यानं गायलं.

घरी भाकरी थापताना तिनं विचारलं, “अन् त्याच्या बायकोनं काय केलं वं?”

शाळेत परतल्यावर मी पानं चाळली. मुलाचं नाव होतं, नातवाचं होतं. तिच्याबद्दल एक अक्षर नव्हतं. पुढच्या सुट्टीत घरी आले तेव्हा याडी दारातच उभी होती. मी खोटं बोलले.

“मरेपर्यंत बांगड्या घालून होती.”

याडीनं मान हलवली, आणि तसंच केलं.