सोळा तालुके, सोळा मशिनी

आमच्या जिल्ह्यात तालुके सोळा आणि आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये चालू स्थितीतल्या मशिनीही सोळाच. विभागप्रमुखांना हा योगायोग इतका आवडला की त्यापुढे त्यांना काही दिसेचना.

काम साधं होतं. गावोगावी कपाशीत कामगंध सापळे लावले होते. बोंडअळीचे पतंग त्यात अडकतात आणि शेतकरी रोज सापळ्याचा फोटो पाठवायचे. फोटोतले पतंग मोजायचा प्रोग्राम मी लिहिला होता. ठरलेल्या संख्येच्या वर पतंग निघाले तर त्या गावानं फवारायचं, नाही तर नाही. फोटोंचा ढीग एका मशीनला आठ दिवसांत उरकला नसता, म्हणून काम सोळा ठिकाणी वाटायचं होतं.

कसं वाटायचं, यावर माझं आणि विभागप्रमुख सरांचं वाजलं. माझं म्हणणं, गावागावाचे छोटे गठ्ठे करून एकाच रांगेत ठेवू. जी मशीन मोकळी होईल तिनं पुढचा गठ्ठा उचलायचा. यात माझी अक्कल काही विशेष नव्हती. शाळेच्या सुट्टीत मी आईबरोबर निंदायला जायची. तिथे प्रत्येक बाईला निंदायला ओळींची एक पात असायची, पण जिची आधी उरकली ती काही धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून राहत नसे. मागे राहिलेलीच्या पातीत समोरून शिरायची. कुणाला ते सांगावं लागत नसे.

सर म्हणाले, "मंग सही कोन करन, मॅडम? एक तालुका, एक मशीन, एक शिक्षक. कोनाचं कोनात मिसळाचं नाई."

प्रत्येक मशीनवर तालुक्याची आणि शिक्षकाची चिठ्ठी लागली. नारळही फुटला. माझं माहेर मारेगावकडचं, म्हणून मारेगाव माझ्या गळ्यात पडलं. तिकडे नुसती कपाशी, फोटो सगळ्यांत जास्त तिथलेच, हे मी तीनदा सांगितलं. "मशिनी तं साऱ्या सारख्याच हायेत ना?" एवढंच उत्तर मिळालं. वर आणखी एक फर्मान निघालं. अख्खा तालुका मोजून झाल्याशिवाय निकाल लिहायचा नाही, अर्धवट आकडे बाहेर जायला नकोत. आणि मी शहाणी, तसाच प्रोग्राम लिहून दिला. कंत्राटी नोकरी, दरवर्षी नवी ऑर्डर, मान डोलवायची सवयच लागते. त्या सवयीचा मला आजही संताप येतो.

काम सुरू व्हायचं त्या दिवशी सकाळीच माहेरून दादाचा फोन आला होता. मागच्या हंगामात फवारताना त्याला विषबाधा झाली होती. आठवडाभर दवाखान्यात काढून आला, तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा पंप पाठीवर घेऊ नका म्हणून बजावलं होतं. पण फवारायला माणूस मिळत नव्हता.

"तुयी मशीन काय म्हन्ते ते सांग मले," तो म्हणाला. "लागत नसन तं मी कायले मरू?"

संध्याकाळपर्यंत सांगते, म्हटलं.

दहा वाजता काम सुरू झालं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बारा मशिनी मोकळ्या झाल्या, तीनपर्यंत पंधरा. पंधरा शिक्षक आपापल्या चिठ्ठीसमोर बसून चहा पीत होते. मारेगाव चालूच होतं. मी शेजारच्या सरांना म्हटलं, तुमची मशीन द्या, मी माझं काम तोडून तिच्यावर टाकते.

"माह्या मशीनवर मारेगाव काहून?" ते म्हणाले. "उद्या चुकलं तं माह्या नावावर येईन."

साडेपाचला लॅब बंद करायचा नियम. मी विभागप्रमुखांना अक्षरशः हात जोडले, एवढी एक मशीन चालू राहू द्या. "पंधरा तालुके झाले ना, एक उद्या करा," ते म्हणाले आणि मेन स्विच खाली ओढला. दिवसभराची मोजणी गेली. मोजून झालेली गावंही गेली, कारण निकाल शेवटीच लिहायचा होता. दादाचं गाव दुपारीच मोजून झालं असेल. मला ते कधीच कळणार नाही.

दादाला फोन केला. उद्या दुपारपर्यंत थांब, म्हटलं.

"परवापासून पानी सांगतलं हाय," तो म्हणाला. "दुपारी ऊन कडक राह्यते. मी सकाळीच घेतो मारून."

फवारू नको म्हणायला माझ्याकडे आकडा नव्हता. फवार म्हणायला जीभ वळली नाही.

दुसऱ्या दिवशी नऊला लॅब उघडल्या उघडल्या मी कुणालाही न विचारता प्रोग्राम बदलला. एक रांग, सोळा मशिनी. पाऊण तासात अख्खं मारेगाव संपलं. दादाच्या गावाचा आकडा मर्यादेच्या कितीतरी खाली होता. फोन लावला तो वहिनीनं उचलला. ती त्याला गाडीत घालून दवाखान्याच्या वाटेवर होती.

तिसऱ्या दिवशी सरांनी अहवाल पुढे केला. सोळाही तालुके वेळेत पूर्ण. मारेगावसमोर सहीची जागा कोरी होती. मी सही केली.

मग दवाखान्यात गेले. दादा शुद्धीवर होता, हात थरथरत होते, नजर माझ्यावर ठरत नव्हती.

"काय निघालं मंग तुह्या मशीनीत?" त्यानं विचारलं. "लागत होती का फवारनी?"

वहिनी माझ्याकडे बघत होती.

"लागत होती," मी म्हणाले.

"पाह्य," तो वहिनीला म्हणाला, "मी म्हनलंच होतं." आणि समाधानानं डोळे मिटून पडून राहिला.