आत्याची तुळस आणि माझं वनस्पतिशास्त्र

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. नाही करत? बरं, हसा तर हसा! आमच्या कुंभकोणमच्या अख्ख्या गल्लीनं तेव्हा पोटभर हसून घेतलंय, मग तुम्हीच काय घोडं मारलंय?

पन्नास साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. मद्रासहून वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन मी गावातल्या एका कॉलेजात शिकवायला लागलो होतो. चष्मा नवा आणि पदवीही नवी. चष्मा निदान झोपताना उतरायचा.

घरात आम्ही तिघं. मी, माझी बायको रुक्मा आणि माझ्या वडिलांची थोरली बहीण, म्हणजे आत्या. आत्या बोलायची ती आमची तंजावरची जुनी मराठी. तुम्ही पुण्याकडचे लोक ऐकता आणि म्हणता, हे काय पोथीतून उठून आलात? आलो असू.

तर आत्याचा एक नेम होता. अंगणातल्या कुंडीतल्या तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. कॉफीसुद्धा नाही! कुंभकोणमच्या माणसानं सकाळची कॉफी एका तुळशीवर टांगून ठेवायची, म्हणजे केवढा नेम बघा.

तुमच्याकडचा पाऊस आटोपतो तेव्हा आमच्याकडचा सुरू होतो. ऐप्पसीचा, म्हणजे दिवाळीचा महिना, रोज धार. कुंडीच्या बुडातून लाल पाणी वाहायचं आणि रुक्माच्या कोलमवर, म्हणजे दारातल्या रांगोळीवर पसरायचं. ती रोज कुरकुरायची. मी त्याचा बंदोबस्त करून टाकला आणि कुरकुर थांबली. ते असो. मुद्दा तुळशीचा आहे.

एका सकाळी आत्याची हाक आली.

"अरे सेतू, तुळशीनं मान टाकली रे! तिज पाणी कमी पडलें की काय?"

पानं खरंच लोंबत होती. आत्यानं घाईघाईनं आणखी एक तांब्या ओतला. रुक्मानं बाहेर येऊन बघितलं, तिनंही एक ओतला. शेजारची मामी कढीलिंब मागायला आली होती. "अय्यो, पावम्!" म्हणून ती हळहळली आणि जाता जाता तिनंही आपला वाटा उचलला.

मी कुंडीत बोट घातलं. आत इडलीच्या पिठासारखा चिखल. आणि खरं सांगतो, मला आनंद झाला! पुस्तकातलं पान अंगणात उगवलं होतं हो! मी चष्मा सारखा केला.

"तुळस तहानलेली नाही. ती गुदमरली आहे."

"तिज नाक आहे?" आत्यानं विचारलं.

"मुळांना हवा लागते, आत्या. मातीच्या कणांमध्ये हवा असते. पाणी साचलं की ती जागा पाणी घेतं. मुळं गुदमरली की पाणी वर चढवायचं त्यांचं काम थांबतं. म्हणून पाण्यात उभी राहूनही ती तहानेनं मान टाकते. आणि आपण म्हणतो, बिचारी! घाला आणखी तांब्या!"

"मग शेतांत भात गळ्याइतक्या पाण्यांत उभें असतें, तें कसें नाही गुदमरत?"

"भाताच्या अंगात पानापासून मुळापर्यंत हवेच्या वाटा असतात. तुळशीच्या नसतात."

आत्यानं एक लोंबतं पान बोटानं वर उचललं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मीच तिज बुडवून मारलें?"

"थोडक्यात, हो."

शास्त्रज्ञानं भावनेच्या आहारी जाऊ नये, असं मला त्या वयात वाटायचं. मी हुकूम सोडला: तुळस सावरेपर्यंत पाण्याचा थेंब नाही!

आता आली पंचाईत. तुळशीला पाणी नाही, म्हणजे आत्याला कॉफी नाही. जेवणही नाही. संध्याकाळी एक केळं आणि वाटीभर दूध, तेवढ्यावर ती राहायला लागली.

"आत्या, नुसता रिकामा तांब्या फिरव की!" मी तोड काढली.

"सेरी, बरें तर. मग कॉफीही रिकामीच दे."

मामी म्हणाली, माझ्या तुळशीला पाणी घाला. त्यावर आत्यानं असं काही पाहिलं, की मामी कढीलिंब न घेताच परत गेली.

पाऊस पडू नये म्हणून मी माझी छत्री कुंडीवर बांधली आणि भिजत कॉलेजात गेलो. पुढच्या सकाळी आत्या खोडाशी वाकून बघत होती. मातीच्या वर, खोडातून पांढरे बारीक धागे फुटले होते.

"पांढरे केस आले रे हिज. म्हातारी झाली."

"केस नव्हेत, मुळं आहेत! खाली हवा मिळेना, म्हणून ती वर नवी मुळं काढतेय. धडपड आहे ती तिची."

आत्याचे डोळे भरून आले. "इतकी धडपड करते, आणि तूं नुसतें बघतोस? भातास नळ्या असतात म्हणालास ना? मग हिजही लाव."

मी हसायला हवं होतं. पण मी विचार करायला लागलो! पपईच्या पानांचे पोकळ दांडे आणले आणि कुंडीत चारी बाजूंनी खुपसले. दांडे तळापर्यंत गेले आणि तळापर्यंतच्या चिखलानं भरले. तिण्णैवर, म्हणजे आमच्या पुढच्या ओट्यावर, गल्ली जमली. तुळशीला कुठल्या आस्पत्रीत घातलंय, असं एकानं विचारलं. मी त्याला मुळांचं श्वसन समजावलं.

आता बघा. वरून थेंब नाही, छत्री आहे, नळ्या आहेत. तरी चिखल जसाच्या तसा! कसा? शास्त्रात चमत्कार बसत नाही. एकच उत्तर उरलं. आणि ते मी उपाशी आत्याच्या तोंडावर बोललो.

"आत्या, खरं सांग. तू चोरून पाणी घालतेस ना?"

आत्यानं दोन लुगडी बोचक्यात बांधली.

"जटका बोलाव. मी तिरुभुवनम् जातें, धाकट्या बहिणीकडे. तुळस माझ्या हातची आहे, तीही येईल."

लहानपणापासून मला जिनं वाढवलं ती आत्या घर सोडून निघाली होती. तरी मी जटका बोलवायला गेलो. मला माझं म्हणणं बरोबर वाटत होतं.

घोड्याचा जटका दाराशी आला. रुक्मानं एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं कुंडी उचलली. बाप रे, काय ते वजन! आत्या बुडाचा चिखल पुसायला खाली वाकली आणि तशीच थांबली.

"हें काळें काय आहे रे?"

रुक्मानं मान वाकडी करून बघितलं.

"अहो, हे तर तुमच्या कॉलेजातलं बूच!"

आठवला ना तो बंदोबस्त? कोलम खराब होऊ नये म्हणून भोकाच्या मापाचं रबरी बूच प्रयोगशाळेतून आणून मीच ठोकलं होतं. असं घट्ट, की थेंब गळू नये. गळलाही नव्हता.

मी बूच ओढलं. लाल पाण्याची धार सुटली ती माझ्या पांढऱ्या वेष्टीवर, म्हणजे धोतरावर, तिथून रुक्माच्या कोलमवर. मामी तिण्णैवरून बघत होती. जटक्याचा घोडासुद्धा बघत होता, असं मला वाटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो!

पाणी थांबेपर्यंत आत्या उभी राहिली. मग पळीभर, फक्त पळीभर पाणी तिनं तुळशीला घातलं.

"जटका परत पाठव. रुक्मा, कॉफी टाक गे."

हळूहळू तुळशीनं मान वर केली. त्या कार्तिकात तिचं लग्नही लागलं. चोरीच्या आळाबद्दल आत्यानं मला कधी एका शब्दानं टोकलं नाही. फक्त ते बूच धुऊन, पुसून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं.

त्यानंतर जेवताना कधी मी घास हातात धरून, चष्मा सारखा करून सुरुवात केली, "म्हणजे त्याचं असं आहे, आत्या..." की ती शांतपणे रुक्माकडे वळायची.

"बूच आण गे. ह्याच्या तोंडास बसतें का बघूं."