मुजीबभाईंचा गुलाबी डोंगर

दौंडच्या बाजारपेठेत मुजीबभाईंचा फोटो स्टुडिओ होता आणि स्टुडिओत एक पडदा होता. पडद्यावर बर्फाचा डोंगर. मुजीबभाईंनी तो एका जुन्या कॅलेंडरवरून स्वतः रंगवलेला, आणि रंगवलेला चक्क गुलाबी. तालुक्यातल्या निम्म्या नवराबायकोंनी जोडीचा पहिला फोटो त्याच्यापुढे स्टुलावर बसून काढला होता, आणि उठता उठता विचारलं होतं, की भाई, बर्फ कधी गुलाबी असतो का? असतो, म्हणायचे मुजीबभाई. तुम्ही पाहिलाय का, असं कुणी पुढे विचारलं की ते दुसऱ्या गिऱ्हाईकाला हनुवटी खाली घ्यायला सांगायचे.

बाहेरच्यांचं एक सोडा, घरातच विरोधी पक्ष होता. त्यांची बायको नजमुन्निसा वीस वर्षांत एकदाही त्या पडद्यापुढे बसली नव्हती. फोटोग्राफरच्या बायकोचाच फोटो नाही, हे मुजीबभाईंना मनापासून लागायचं. ती मात्र हसून सांगायची, "आधी खरा डोंगर दावा. गुलाबी निगाला, तर बसते."

शेवटी १९९८ साली, मुलीचं, शायनाचं, लग्न उरकल्यावर मुजीबभाईंनी ऐन दिवाळीच्या सुट्टीत स्टुडिओला कुलूप लावलं. बायकोला घेतलं, शेंगदाण्याची चटणी आणि चिवड्याचा डबा घेतला, आणि गाड्या बदलत बदलत थेट दार्जिलिंग गाठलं. कांचनगंगा बघायची आणि वीस वर्षांचा वाद मिटवायचा, एवढाच बेत.

डोंगराला मात्र या वादाची काही खबर नव्हती. दोन दिवस नुसतं धुकं. नजमुन्निसाने खुशाल चहाचे मळे पाहिले, छोट्या आगगाडीत बसून घेतलं, लोकरीचा लालभडक स्वेटर घासाघीस करून विकत घेतला. मुजीबभाई हॉटेलच्या खिडकीशी बसून धुक्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते. आता राहिली होती एकच सकाळ. रोलमध्येही एकच फोटो शिल्लक होता, कारण हा माणूस फोटोग्राफर आहे कळल्यावर हॉटेलातल्या सगळ्यांनी त्यांच्याकडून धुक्यापुढे फोटो काढून घेतले होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे जीपने ते टायगर हिलवर गेले. शाली पांघरलेल्या गर्दीत कठड्यापाशी जागा धरली. पूर्वेला उजळू लागलं, ढग खाली बसले, आणि समोर डोंगर उभा राहिला. गुलाबी. थेट पडद्यावरचा. पांढऱ्या रंगात लाल थेंबभर जास्त पडला की होतो, तस्साच.

मुजीबभाई ओरडले नाहीत की नाचले नाहीत. ते फक्त बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. नजमुन्निसा एकदा डोंगराकडे बघायची, एकदा नवऱ्याकडे. बऱ्याच वेळाने तिने त्यांना कोपराने ढोसलं.

"आवो, फोटू काढायचाय न्हवं?"

तेव्हा कुठे भाई भानावर आले. बायकोला कठड्यापाशी उभं केलं, भिंगावरचं झाकण काढलं, मध्ये आलेल्या दोघांना बाजूला व्हायला सांगितलं. तेवढ्यात सूर्य वर आला आणि डोंगर पांढराफेक झाला. वीस वर्षं दुसऱ्यांचे क्षण अचूक टिपणाऱ्या माणसाचा स्वतःचा क्षण असा हातातून निसटला.

परतल्यावर फोटो धुऊन आला. लाल स्वेटरमधली नजमुन्निसा छान आली होती आणि तिच्यामागे पांढराशुभ्र डोंगर. वरवंडची धुरपदामावशी नातवाचा फोटो काढायला आली होती. तिने तो फोटो हातात घेतला, मग पडद्याकडे पाहिलं.

"म्हंजी पांढराच असतोय की, भाई."

बाकावर बसलेले लोक हसले. पुरावा तर त्यांनीच स्वतःच्या हाताने काढून आणला होता.

नजमुन्निसा जेवणाचा डबा घेऊन नुकतीच आत आली होती. तिने डबा टेबलावर ठेवला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरळ जाऊन त्या गुलाबी डोंगरापुढे स्टुलावर बसली.

"गुलाबीच असतोय, मावशी. म्या माज्या डोळ्यांनी बघितलाय. फोटूला उशीर झाला." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "काढा."

हलू नका, असं मुजीबभाई सवयीने म्हणाले. ती अजिबात हलली नाही. तरी फोटो हललेला आला, आणि दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा येऊन बसावं लागलं.