व्हॉल्व्हवरचा दगड

स्वतःच्या हाताने रंगवलेल्या दगडाला तुम्ही कधी घाबरला आहात का?

मी घाबरते. लालबागला आमच्या चाळीमागे छोटं उद्यान आहे. आम्ही सात-आठ शेजारी रोज सकाळी तिथे कचरा उचलतो, झाडांना आळी करतो. गेल्या पावसाळ्यात बकुळीची अकरा रोपं लावली. त्याच सुमाराला पाण्याच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्याचं झाकण चोरीला गेलं. कुणाचा पाय जाऊ नये म्हणून मी खड्ड्यावर दगड ठेवला, आणि लांबून दिसावा म्हणून झोपाळ्याचा उरलेला शेंदरी रंग त्याला फासला.

दुसऱ्या दिवशी त्यावर जास्वंद होती. मग नारळ. एका सकाळी दगडाला चांदीचे डोळे होते. कुणी बसवले, कुणालाच ठाऊक नाही.

पाऊस सरला. रोपांना पाणी द्यायला व्हॉल्व्ह उघडावा म्हणून मी वाकले, तर आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या मावशी ओरडल्या, "हात लावू नको गो बाय! राखणदार आसा तो."

"मावशी, मीच रंगवलाय. तुमच्यासमोर!"

"रंग तू लावलंस. बसलो तो आपणहून."

शेजारचे काका हसले. "अंधश्रद्धेवर पत्रकं वाटता वाटता देऊळ बांधलंस की गं!" हसले खरे, पण चपला काढून उभे होते. उद्यानाचा माळीही मागे सरला. "मॅडम, माझ्या घरात लेकरं आहेत."

सकाळी साडेसहाला पाणी येतं तेव्हा दगडाखालून कुणी घुमल्यासारखा आवाज येतो. पाइपातली हवा आहे ती. मला माहीत आहे.

काल मी एकटीच लवकर गेले. लहानपणापासून घरात असल्याच पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून अभ्यास केलेली मी. दोन्ही हात दगडाला लावले. दगड कोमट होता. ऊन अजून आलं नव्हतं, जवळपास दिवाही नव्हता. तेवढ्यात तो आवाज सुरू झाला. मी हात काढून घेतले आणि म्हणाले, "चुकले."

कुणाला म्हणाले?

चार रोपं वाळली आहेत. उरलेल्या सातांना आम्ही घरून बाटल्या भरून आणतो. पुरत नाही. पाणी पायाखाली आहे.

तुम्ही आमच्या गल्लीतले नसाल, तर येत्या रविवारी साडेसहाच्या आत या. शेंदरी दगडाचं उद्यान म्हणा, कुणीही दाखवेल. दगड उचला, जपून कठड्यावर ठेवा आणि व्हॉल्व्ह उघडा. मावशी ओरडतील. मीसुद्धा कदाचित "नको" म्हणेन. ऐकू नका.