‘कधीपासून’चा रकाना

दवाखान्याच्या पहिल्या खिडकीत बसणाऱ्या बाईंना सगळे ‘कधीपासून बाई’ म्हणत. बावीस वर्षं त्या केसपेपर लिहीत होत्या. नाव, वय, त्रास विचारून झाला की ठरलेला प्रश्न यायचा, “कधीपासून?” समोरचा सांगेल ते जसंच्या तसं लिहायचं, पदरचं एक अक्षर घालायचं नाही, असा त्यांचा खाक्या. या एका ओळीपायी माणसांचे विम्याचे दावे बुडताना त्यांनी पाहिले होते. कुणी बोलता बोलता “झाली असतील तीन वर्षं” म्हणायचा आणि विमा कंपनी त्यावर बोट ठेवून हात वर करायची.

बाईंच्या घरच्या विम्याचा हप्ता दर वर्षी चढत होता. फर्निचरला पॉलिश करणाऱ्या नवऱ्याने पंचावन्नी ओलांडली आणि हप्ता एकदम दुप्पट झाला. झेपेना, तेव्हा बाईंनी जुना विमा सोडून दुसऱ्या कंपनीचा स्वस्तातला घेतला. अट एकच होती, आधीपासूनचं दुखणं तीन वर्षं त्यात बसणार नाही.

“काही दुखतंय-खुपतंय का?” फॉर्म भरताना त्यांनी नवऱ्याला विचारलं.

“मला काय धाड भरलीय?”

बाईंनी ‘नाही’ लिहिलं. “आता तीन वर्षं या घरात कुणी आजारी पडायचं नाही,” असा हुकूमही सोडला. सगळे हसले.

त्याच सुमारास नवरा शर्टाचं वरचं बटण लावू लागला. पॉलिशने बरबटलेला माणूस गळ्यापर्यंत बटणं लावून निघाला की बाई चिडवायच्या, “साहेब, मीटिंग आहे वाटतं?” तो हसण्यावारी न्यायचा. त्या थट्टेची आठवण झाली की बाईंना अजून स्वतःचा संताप येतो.

एका सोमवारी तो खिडकीसमोरच्या रांगेत उभा दिसला. हा माणूस दाढ ठणकली तरी दवाखान्याची पायरी चढत नसे. नंबर आल्यावर त्याने वरचं बटण काढलं. जबड्याखाली लिंबाएवढी गाठ होती.

“अगं, घास अडकायला लागलाय,” तो हळूच म्हणाला.

सवयीने बाईंच्या तोंडून निघून गेलं, “कधीपासून?”

“खरं सांगू? दोन वर्षं होत आली. तू फॉर्म भरत होतीस ना, तेव्हा वाटाण्याएवढी होती. म्हटलं, हिला सांगितलं तर विमा हातचा जायचा.”

पेन कागदावर टेकलेलं होतं. ‘दोन वर्षं’ लिहिलं तर विम्याची दमडी मिळणार नव्हती, आणि विकायला घर तरी कुठे स्वतःचं होतं? नाही लिहिलं तर डॉक्टरांना कळणार कसं?

“बाई, आटपा की!” मागून कुणीतरी ओरडलं.

बावीस वर्षांत पहिल्यांदाच बाईंनी पदरचं लिहिलं: ‘आठ दिवस’.

“आत विचारलं तरी हेच सांगा,” त्या म्हणाल्या. नवऱ्याने मान डोलावली. तो नेहमीच त्यांचं ऐकत आला होता.

दहा मिनिटांत तो हसतच बाहेर आला.

“उगाच घाबरलो बघ. डॉक्टरांनी तुझा कागद वाचला, म्हणाले, आठच दिवसांची आहे ना, मग दाढेची सूज असेल. गोळ्या दिल्यात. पंधरा दिवसांनी बोलावलंय.”

त्याने बटण लावलं आणि कामावर निघून गेला. बाई डॉक्टरांकडे जायला अर्ध्या उठल्या, पुन्हा बसल्या. पुढच्या माणसाला त्यांनी नाव विचारलं, वय विचारलं, त्रास विचारला. त्याच्यापुढचा प्रश्न मात्र त्यांच्या तोंडून फुटेना.